पाटीवरचे डॉक्टर

मी पाट्या करते. हे वाक्य मी आजवर हजारेक माणसांना तरी सांगितलं असेल, आणि त्यातल्या नऊशेजणांनी "टाकत नाही ना?" असं विचारून स्वतःच्याच विनोदावर हसून घेतलं आहे. मीही हसते. अठरा वर्षं नोकरी केलेल्या बाईला न आलेलं हसू आणायला फारसे कष्ट पडत नाहीत. तर, मोठ्या इमारतीत माणूस चुकू नये म्हणून भिंतींवर जे बाण, आकडे आणि नावं असतात, ती कुठे लावायची, केवढी करायची, कुठल्या रंगात करायची हे मी ठरवते. काम चांगलं झालं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. बिघडलं तर मात्र सगळे शिव्या घालतात.

दोन वर्षांपूर्वी मी नोकरी सोडली आणि घराच्या पुढच्या खोलीत खिडकीशी टेबल टाकलं. धाकटा दीर कॉम्प्युटरवाला. तो पहिल्याच आठवड्यात म्हणाला, "वहिनी, वेबसाइट नसेल तर तू आहेस हे कुणाला कळणार?"

"मी आहे की. ही काय समोर बसलीये."

"समोर बसून कामं येत नाहीत. थांब, तुला तुझ्या धंद्यातली माणसं दाखवतो."

त्यानं वीसेक डिझायनरांच्या वेबसाइट उघडून दाखवल्या. एक बघा नाहीतर वीस बघा, सारखंच. पांढरी भिंत, एक खुर्ची, कुंडीत एक झाड आणि तिरपं पडलेलं ऊन. खोल्या अशा की तिथे कुणी कधी चप्पल काढली नसावी. माणूस औषधालासुद्धा नाही. माणसं फक्त 'आमच्याविषयी' या पानावर, काळ्या कपड्यांत, हाताची घडी घालून, घरात कुणी गेल्यासारखी उभी. खाली लिहिलेलं, 'आम्ही अवकाशाशी संवाद साधतो.' मी दिराला म्हटलं, अवकाश उत्तर देतो का ते पण लिहा म्हणावं.

"मग तू काय लिहिणार?"

"मी पाट्या करते."

त्यानं खरोखर तेवढंच लिहिलं. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत, 'मी पाट्या करते.' खाली फोन नंबर. मला ते फार आवडलं. प्रश्न पुढच्या पानाचा होता. 'केलेली कामं' या पानावर काहीतरी काम लागतं.

अठरा वर्षांत मी पुष्कळ कामं केली, पण छाती ठोकून दाखवावं असं एकच. एका मोठ्या हॉस्पिटलच्या पाट्या. बाकी सगळं म्हणजे गोदामांचे आकडे, लिफ्टच्या बटणांशेजारची अक्षरं, पार्किंगचे बाण. पोट भरणारं काम, मान उंचावणारं नव्हे. आणि हॉस्पिटलच्या त्या कामाबद्दल सांगायचं तर माझ्या सासऱ्यांबद्दल सांगावं लागेल.

सासऱ्यांना सगळे तात्या म्हणत. शेवटची तीन-चार वर्षं त्यांची मान इतकी वाकली होती की त्यांना समोरच्या माणसाचा पट्टा दिसे, तोंड दिसत नसे. "आताशा मी माणसं चपलांवरून ओळखतो," असं म्हणायचे आणि खरंच ओळखायचे. एकदा त्यांना घेऊन मी त्या हॉस्पिटलात गेले होते. एक्स-रे काढून झाला, मी औषधांच्या रांगेत उभी राहिले आणि ते म्हणाले, रक्त तपासायला मी जातो पुढे, तेवढं जमतं मला. पाऊण तास ते सापडेनात. शेवटी सापडले तळमजल्यावर, चादरी धुतात त्या खोलीच्या दारात, एका उलट्या बादलीवर बसलेले. हातात चिठ्ठी तशीच. मी रडकुंडीला आलेली. ते शांतपणे म्हणाले, "अगं, कुठे काही लिहिलेलंच नाही."

लिहिलेलं होतं. ढीगभर लिहिलेलं होतं. पण सगळं छताला टांगलेलं. मी वर पाहिलं आणि मला स्वतःची लाज वाटली, कारण तशाच टांगलेल्या पाट्या मी स्वतः दहा इमारतींत लावल्या होत्या.

नशीब असं, की पुढच्याच वर्षी त्या हॉस्पिटलनं नवी बाजू बांधली आणि सगळ्या पाट्या बदलायचं काम आमच्या ऑफिसला आलं. मी सरांना सांगितलं, पाट्या खाली आणूया. कमरेच्या उंचीवर, भिंतीभर एक पट्टा, त्यावरच नावं आणि बाण. वाकलेल्याला दिसेल, चाकाच्या खुर्चीतल्याला दिसेल, पोरांना दिसेल. सर म्हणजे ऑफिसचे मालक. ते म्हणाले, "कमरेवर पाट्या? मांजरांसाठी का?" दोन महिने मी त्यांचं डोकं खाल्लं तेव्हा कुठे ते हो म्हणाले. पाट्या लागल्या त्याच्या दोन महिने आधी तात्या गेले. त्यांनी त्या पाहिल्या नाहीत. सासूबाईंनीही नाहीत, कारण त्या पुन्हा त्या हॉस्पिटलची पायरी चढल्या नाहीत.

नोकरी सोडताना नियमाप्रमाणे सगळी चित्रं, कच्चे कागद, मोजमापं ऑफिसातच ठेवावी लागली. म्हणून माझ्या वेबसाइटसाठी मी हॉस्पिटलच्या लांब व्हरांड्याचं चित्र आठवून नव्यानं काढलं, त्या पट्ट्यासकट. खाली लिहिलं, 'हे मी केलं. तात्यांमुळे केलं.' आणि डिझायनरांची जी संघटना आहे, तिच्या वेबसाइटवरच्या सभासदांच्या यादीतही तेच चित्र टाकलं. आमच्याकडे काम देणारे आधी ती यादी बघतात. यादीत आहात तर आहात.

सहा महिने काहीच झालं नाही. मग बसडेपोच्या कार्यालयातून फोन आला. त्यांनी यादीत चित्र पाहिलं होतं. सगळ्या डेपोच्या पाट्या करायच्या आहेत, म्हणे, आणि म्हातारी माणसं फार चुकतात. मी फोन ठेवला आणि टेबलाभोवती एक फेरी मारली. त्यानंतर बरोबर चार दिवसांनी संघटनेकडून पत्र आलं. माझ्या जुन्या ऑफिसनं तक्रार केली होती की मी त्यांच्या कामाची नक्कल काढून ती स्वतःच्या नावावर खपवते आहे.

चोराच्या उलट्या बोंबा, असं मी मोठ्यानं म्हटलं. मग मी रागारागानं त्यांची वेबसाइट उघडली. नोकरी सोडल्यापासून मी तिकडे फिरकले नव्हते. हॉस्पिटलचं पान पहिल्याच जागी होतं. शेजारी मजकूर, 'आमच्या चमूच्या सखोल संशोधनातून साकारलेली दिशादर्शन प्रणाली.' संशोधन! तात्या उलट्या बादलीवर बसले होते ते यांचं संशोधन! मी पुढचं काही बघितलंच नाही. टॅब असा आपटून ठेवला की नवऱ्यानं चष्म्यातून एकदा टॅबकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. कुणाला जास्त लागलंय याचा तो अंदाज घेत असावा.

संघटनेचा नियम साधा आहे. वाद झाला तर ज्यानं काम केलं त्यानं कच्चे कागद दाखवायचे. माझे कच्चे कागद त्यांच्याच कपाटात. मी पत्र लिहून ते मागितले, तर उत्तर आलं की जुनी कपाटं मागेच रिकामी केली. मंगळवारी अकरा वाजता बैठक होती. तिथे निकाल विरुद्ध गेला तर माझं पान यादीतून काढणार, आणि कारणही लिहिणार. म्हणजे डेपोचं काम गेलंच, आणि ज्या एका कामाला मी माझं म्हणते तेही दुसऱ्याचं ठरणार. डेपोचं मला वाईट वाटलं असतं. ते दुसरं मात्र सहन झालं नसतं.

त्या आठवड्यात मी घरात सगळ्यांवर खेकसले. लेकीनं दोन दिवस माझ्याशी बोलणं टाळलं. नवरा म्हणाला, "तू खरं तेच सांग." मी म्हटलं, खरं सांगायला मी जातेच आहे, पुराव्याचं काय करू, खऱ्याला पाय असतात का?  तो नेहमीच गप्प बसतो, पण त्या दिवशी मला ते गप्प बसणंही खुपलं.

मंगळवारी सकाळी मी साडीला इस्त्री करत होते. सासूबाई चहा घेऊन टेबलाशी बसल्या आणि म्हणाल्या, "आण तो टॅब इकडे. बघू तरी, काय लिहिलंय त्या माणसानं."

"नका बघू आई, उगाच डोक्याला ताप."

"ताप माझ्या डोक्याला ना? आण."

सासूबाई वाचतात. म्हणजे आपण वाचतो तसं नव्हे. औषधाच्या खोक्यातला घडीचा कागद त्या दोन्ही बाजूंनी वाचतात. दिव्याच्या खोक्यावर काय लिहिलंय ते वाचतात. आणि डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून टॅबवरचं प्रत्येक चित्र दोन बोटांनी ताणून ताणून ताटाएवढं करतात. मी इस्त्री फिरवत राहिले.  चहाला साय धरली असेल एव्हाना, असं माझ्या मनात आलं.

"अगं," त्या म्हणाल्या.  "इथे तात्यांचं नाव आहे."

"कुठे?"

"इथे, भिंतीवर. डॉ. तात्या. मान, पाठ व कणा."

मी इस्त्री साडीवर तशीच ठेवून धावले.

आता इथे आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगितली पाहिजे. पाट्यांचं काम सुरू होतं तेव्हा खऱ्या डॉक्टरांची नावं कुणी आम्हाला देत नाही. ती शेवटच्या दिवशी येतात. तोवर नमुन्याच्या चित्रात काहीतरी खोटी नावं भरून ठेवायची, म्हणजे अक्षर केवढं बसतं ते कळतं. आणि ती नावं कुणी वाचत नाही. आमच्याकडे अक्षरं बघतात, वाचत नाहीत. सरांनी त्या चित्रासमोर उभं राहून तासभर 'फ' ची कमान थोडी वर घ्या, अक्षरांमधली जागा कमी करा, असं सांगितलेलं मला स्पष्ट आठवतं. पण 'फ' कुणाच्या नावातला आहे हे त्यांनी पाहिलं नव्हतं. पुढे खऱ्या पाट्या लागल्या तेव्हा तिथे खरी नावं आली. फोटो काढायला माणूस गेला, तोवर हॉस्पिटलवाल्यांनी पाट्यांवर 'थुंकू नये' आणि 'चपला बाहेर' असे कागद चिकटवले होते. सर म्हणाले, हे असलं वेबसाइटवर नको, नमुन्याचंच चित्र टाका, ते स्वच्छ आहे. टाकलं. आणि मी भरलेली खोटी नावं मी स्वतःही साफ विसरून गेले होते.

सासूबाईंच्या बोटांखाली ती एकेक करून वर येत होती. डॉ. तात्या, मान, पाठ व कणा. डॉ. ढापण्या, नेत्रविभाग, हा माझा नवरा. डॉ. गुंड्या, दंतविभाग, हा दीर, त्याचा पुढचा दात लहानपणी सायकलवरून पडून अर्धा गेलेला. डॉ. चिंगी, बालरोग. खाली 'भेटण्याची वेळ ३.२० ते ३.४५', कारण लेकीची शाळा सुटायची वेळ ती आणि मला ऑफिसातून सुटता येत नसे. आणि सगळ्यांत खाली, डॉ. फौजदार, रक्त तपासणी.

 सासूबाईंना फौजदार फक्त तात्या म्हणत. "फौजदार, चहा मिळेल का?" असं, मान खाली घालून, त्यांच्या चपलांकडे बघत. ते गेल्यापासून तो शब्द घरात कुणी उच्चारला नव्हता.

सासूबाईंनी चित्र आणखी ताणलं. नाव टॅबभर झालं.

"मला रक्ताला ठेवलंस होय," त्या म्हणाल्या. "सगळ्यांचं रक्त पिते म्हणून?"

"नाही हो आई! त्या दिवशी तात्या रक्त तपासायलाच निघाले होते ना, आणि चुकले. म्हटलं तिथे तुम्ही असाव्यात. तुम्ही असतात तर चुकले नसते."

त्यांनी पदरानं टॅबची काच पुसली, जरुरीपेक्षा जास्त वेळ. मग ताडकन उठल्या. "चल, मी येते."

"अहो, बैठक आहे ती संघटनेची. बाहेरच्यांना..."

"मी बाहेरची? भिंतीवर माझं नाव आहे." आणि त्या चप्पल शोधू लागल्या.

साडीवर इस्त्रीचा तांबूस डाग पडला होता. मी तीच साडी नेसले, डाग निऱ्यांत घातला.

संघटनेचं ऑफिस म्हणजे फोटो फ्रेम करणाऱ्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. सगळ्या शहराला नीटनेटकेपणा शिकवणाऱ्यांच्या या ऑफिसात वर जायचा जिना कुठे आहे हे सांगणारी एक पाटी नाही. आम्हाला फ्रेमवाल्यानं हात दाखवून वाट सांगितली. आत लांब टेबलाशी अध्यक्षबाई बसल्या होत्या आणि त्यांच्याशेजारी एक वृद्ध गृहस्थ. ते चाळीस वर्षं खुर्च्या बनवत आलेले, म्हणून त्यांना सगळे खुर्चीवाले काका म्हणतात. समोर सर. केस पूर्ण पांढरे झाले होते. मला पाहून त्यांनी मान हलवली, ओळखीची नव्हे, नुसतीच.

"या कोण?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"सासूबाई," मी म्हटलं. "साक्षीला."

खुर्चीवाले काका हसले आणि त्यांना बसायला स्वतःची खुर्ची दिली. सासूबाईंनी आधी ती हलवून पाहिली.

भिंतीवर दोन चित्रं शेजारी-शेजारी दाखवण्यात आली. डावीकडे सरांच्या वेबसाइटवरचं, उजवीकडे माझं. हुबेहूब. मलाच क्षणभर वाटलं की कुणीही उजवीकडच्या बाईला चोर म्हणेल.

सर शांतपणे बोलले. ते कधीच ओरडत नाहीत. "बाईंनी आमच्याकडे चांगलं काम केलं. पण चाळीस माणसांच्या ऑफिसात कुठली रेघ कुणी काढली हे कसं सांगणार? काम ऑफिसचं असतं. आज एकीनं हॉस्पिटल नेलं, उद्या दुसरा विमानतळ नेईल. मग आमच्या वेबसाइटवर काय उरेल, पत्ता?"

खरं सांगायचं तर, यात अगदीच तथ्य नव्हतं असं नाही. मी मनात जुळवून आणलेली सगळी भाषणं बाजूला ठेवली.

"तुमच्याकडे कच्चे कागद आहेत का?" अध्यक्षबाईंनी मला विचारलं.

"नाहीत. पण त्यांच्या वेबसाइटवर आहेत. ते डावीकडचं चित्र मोठं करता का? दारांशेजारची नावं दिसतील एवढं."

सर म्हणाले, "ती डमी नावं आहेत."

"हो. कुणी भरलेली?"

चित्र मोठं झालं. आधी अस्पष्ट, मग एकदम स्वच्छ.  खुर्चीवाले काका, चष्मा कपाळावर ढकलून, मोठ्यानं वाचू लागले. "डॉ. तात्या. डॉ. ढाप... ढापण्या?"

"माझा नवरा," मी म्हटलं. "त्याचा चष्मा बघितलात तर पटेल."

"डॉ. गुंड्या?"

"माझा धाकटा," सासूबाई म्हणाल्या. "दात दाखवायला बोलावू का?"

"आणि डॉ. फौजदार?"

सासूबाई उठून उभ्या राहिल्या. पदर खांद्यावर घट्ट ओढला. "मी."

अध्यक्षबाईंनी तोंडावर हात धरला. सर मात्र भिंतीजवळ गेले होते. चष्मा काढून, पुन्हा घालून ते एकेक पाटी वाचत होते, बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच. "आठ वर्षं," ते पुटपुटले. "आठ वर्षं गुंड्या माझ्या पहिल्या पानावर आहे? मी हे बक्षिसांना पाठवलंय. परदेशात पाठवलंय!"

आणि ते हसायला लागले. मी त्यांना अठरा वर्षांत असं हसताना पाहिलं नव्हतं. खांदे गदागदा हलत होते. हसता हसता ते थांबले आणि माझ्याकडे वळले.

"तू त्या व्हरांड्यात वाकून चालायचीस," ते म्हणाले. 'बाईं'वरून ते 'तू'वर आले, हे त्यांच्याही लक्षात आलं नसावं. "हातात टेप घेऊन, मान अशी खाली. मी एकदा बघायला आलो होतो. मला वाटलं, हिची पाठ धरलीये. डॉक्टरला दाखव असं सांगणार होतो."

"मी तात्यांना काय दिसतं ते बघत होते."

"हं." ते खुर्चीत बसले.  "तक्रार आमच्या नव्या मॅनेजरनं लिहिली आणि मी सही केली. पाहिलं नाही. वाचलं नाही, म्हणजे." मग अध्यक्षबाईंना म्हणाले, "मागे घेतो. काम ऑफिसचं, पण केलं हिनं. दोन्ही वेबसाइटवर तसं लिहूया."

"अहो, ज्या कामात माणसाचं अख्खं घर निघतं, ते काम आणखी कुणाचं असणार?" खुर्चीवाले काका म्हणाले. "माझ्या प्रत्येक खुर्चीच्या बुडाला नातीचा दात पडल्याची तारीख आहे."

मला काय वाटलं ते सांगते. आठवडाभर छातीवर ठेवलेलं जातं कुणीतरी उचलून खाली ठेवलं, आणि आता इतका श्वास आत जात होता की त्याचं काय करावं ते कळेना. मी हसले, मग माझे डोळे भरून आले, मग निऱ्यांतला इस्त्रीचा डाग बाहेर आल्याचं दिसलं आणि मी पुन्हा हसले. सासूबाईंनी माझ्या पाठीवर एक थाप मारली, जरा जोरातच.

निघताना अध्यक्षबाईंनी एक अट मात्र घातली. "ते पुन्हा काढलेलं चित्र काढून टाका. जाऊन खरा फोटो काढा. दोघांनीही." जिन्यात सरांनी मला विचारलं, "फोटो लावतोच, पण जुन्या चित्रातली ती नावं बदलू का गं आता?" मी म्हटलं, तुमचं पान, तुमची मर्जी. ते म्हणाले, "गुंड्याला ठेवतो." खाली फ्रेमवाला विचारत होता, कुणाचा वाढदिवस आहे का वर?

डेपोचा फोन मी त्याच दुपारी केला. काम मिळालं.

शनिवारी सकाळी मी कॅमेरा घेऊन हॉस्पिटलला निघाले तर सासूबाई दारात तयार. "मला दाखव," एवढंच म्हणाल्या.

आठ वर्षांत पट्टा बराच झिजला होता. पेंट जागोजागी हातांनी गुळगुळीत झालेला. 'मोबाइल बंद ठेवा' चे कागद अर्धे फाटलेले, एका बाणावर कुणीतरी औषधाचं लेबल चिकटवलेलं. कचऱ्याची बादली बरोबर 'नेत्रविभाग' समोर. मी मनातल्या मनात शंभर दोष काढत होते, तेवढ्यात सासूबाई एक्स-रेच्या दारापाशी थांबल्या आणि त्यांनी मान खाली घातली. अगदी खाली, हनुवटी गळ्याला टेकेपर्यंत.

"आई, काय होतंय?"

"काही नाही. तू मागून ये. बोलू नकोस."

त्या तशाच चालू लागल्या. तात्यांसारख्या, पावलं घासत, नजर भिंतीच्या खालच्या अंगाला. लोक बाजूला होत होते, एका परिचारिकेनं हात धरायला पुढे केला तर त्यांनी तो झटकला. डावीकडे वळल्या. जिन्याशी क्षणभर थांबल्या, बाण पाहिला, उजवीकडे निघाल्या. एकदाही वर पाहिलं नाही. कुणाला काही विचारलं नाही. मी मागून चालले होते आणि प्रत्येक वळणावर मला वाटत होतं, या अजूनही त्या चादरींच्या खोलीशी जाऊन पोचतील. मधे केव्हातरी मी कॅमेऱ्याचं बटण दाबलं.

व्हरांड्याच्या टोकाला त्या थांबल्या, एक हात पट्ट्यावर टेकला आणि मग हळूच मान वर केली. समोर दार होतं. रक्त तपासणी.



"सापडलं असतं गं त्यांना," त्या म्हणाल्या.

तो फोटो आता माझ्या वेबसाइटवर आहे. दीर म्हणाला, बादली कापून टाकतो, कागदही पुसतो, दोन मिनिटांचं काम आहे. मी त्याला हात लावू दिला नाही. त्यात गर्दी आहे, बादली आहे, फाटका कागद आहे, आणि मधोमध एक पाठमोरी म्हातारी बाई मान खाली घालून निघाली आहे, न चुकता.